"लोकसंख्याच एवढी वाढलीय, कोण काय करणार?" यावरून मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला भूगोल शिकवते. वर्गात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारच्या सीटवर, कुठेही पाणी, महागाई, नोकऱ्या असा विषय निघाला की शेवटी गाडी याच वाक्यावर येऊन थांबते. २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत मी स्वतःही साधारण हेच शिकवायचे, पुस्तकात तसंच होतं आणि मला पटायचंही. त्या उन्हाळ्यात एका मुलीने वर्गात एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही, तो प्रश्न खाली येईलच. तेव्हापासून लोक मला जे जे विचारतात ते लिहून ठेवायची सवय लागली, त्यातले हे प्रश्न.

पृथ्वीवर माणसं खरंच जास्त झालीत का?

१५ नोव्हेंबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने आपण ८०० कोटी झालो. २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं. आकडा मोठा आहे, नाही कोण म्हणतंय. पण "जास्त" म्हणजे कशाच्या मानाने जास्त हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. घरात चार भाकरी आणि सहा माणसं असतील तर माणसं जास्त झाली असं म्हणता येईल, पण घरात बारा भाकरी आहेत आणि त्यातल्या आठ एकाच्याच ताटात आहेत, तर? आपण भांडतोय तो प्रश्न या दोघांपैकी कुठला, हे आधी बघायला हवं.

पण वाढ थांबतच नाहीये ना?

थांबतेय. जगाचा लोकसंख्या वाढीचा वेग १९६० च्या दशकात सगळ्यात जास्त होता, वर्षाला २ टक्क्यांच्या वर, आता तो १ टक्क्याच्या खाली आलाय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात जग साधारण १०३० कोटींवर पोचून मग उतरायला लागेल.

आणि आपलं तर लोकांना खरंच माहीत नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते ना, तिच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत भारतात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो आकडा २.० वर आला. महाराष्ट्राचा १.७ आहे. म्हणजे आई-बापाची जागा भरून काढायला जेवढी मुलं लागतात त्यापेक्षाही कमी. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा दोन शिक्षकांनी मोबाईलवर शोधून खात्री करून घेतली.

मग तरी संख्या का वाढतेय?

कारण आज पोरं व्हायच्या वयात असलेली पिढीच मोठी आहे. प्रत्येक घरात दोनच मुलं झाली तरी घरंच खूप आहेत. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी भात थोडा वेळ रटरटतच राहतो, तसं आहे हे. भारत साधारण २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला १७० कोटींच्या आसपास जाऊन मग कमी व्हायला लागेल असा अंदाज आहे. आजपासून सगळ्यांनी एकच मूल जन्माला घातलं तरी पुढची काही वर्षं गर्दी तेवढीच दिसणार, म्हणून आज पाणी का नाही याचं उत्तर उद्या न जन्मलेल्या मुलात शोधून उपयोग नाही.

अन्न पुरत नाही म्हणूनच लोक उपाशी राहतात ना?

हा हिशोब मी मुलांकडून फळ्यावर करून घेते. जगात वर्षाला साधारण २८० कोटी टन धान्य पिकतं. भागिले ८०० कोटी माणसं. माणशी ३५० किलो, म्हणजे दिवसाला जवळपास एक किलो धान्य, त्यात तान्ही बाळं पण धरली. भाज्या, फळं, दूध, मासे, तेल वेगळं. आता एक किलो धान्य दिवसाला कोण खातं? माझ्या घरात चौघांत मिळून दीड किलो लागत नाही.

तरीही २०२३ मध्ये ७० कोटींहून जास्त लोक उपाशी होते. कारण त्या धान्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग जनावरांच्या खाद्यात जातो, अमेरिकेतल्या मक्याचा मोठा हिस्सा गाड्यांच्या इथेनॉलमध्ये जातो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मोजणीप्रमाणे २०२२ या एका वर्षात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०० कोटी टनांहून जास्त अन्न फेकलं गेलं. बाजारात धान्य जातं ते पैशाच्या दिशेने, भुकेच्या दिशेने नाही.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात साधारण तीस लाख माणसं मेली आणि अमर्त्य सेन यांनी नंतर दाखवून दिलं की त्या वर्षी धान्याचा साठा काही एवढी माणसं मरावीत इतका घटलेला नव्हता, भाव चढले आणि मजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात ते विकत घ्यायची ताकद उरली नाही. नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांनी तो दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता.

हे जगाचं झालं. भारतात काय?

भारत जगातला सगळ्यात मोठा तांदूळ निर्यातदार आहे. रेशनवर ८० कोटी लोकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. आणि त्याच भारतात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, महाराष्ट्रात ३५.२. महाराष्ट्र श्रीमंत राज्य ना? प्रजनन दर १.७ ना? मग मुलं कमी झाल्यावर ताट आपोआप भरायला हवं होतं. भरलं नाही, कारण ५ किलो तांदूळ-गव्हात डाळ नसते, अंडं नसतं, दूध नसतं आणि आई पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतावर असते.

पाणी तर वाढवता येत नाही. तिथे तरी लोकसंख्येचाच दोष ना?

इथे थोडं थांबून लिहिते, कारण हे आम्ही भोगलंय.

पुस्तकात आकडा असतो, १९५१ मध्ये भारतात माणशी वर्षाला ५,१७७ घनमीटर पाणी होतं, २०२१ ला ते १,४८६ वर आलं. मुलं वाचतात आणि घाबरतात. मग मी म्हणते भागा याला ३६५ ने. दिवसाला माणशी चार हजार लिटर येतं! बरं, सगळं अडवता वापरता येत नाही, निम्म्याहून थोडं जास्त येतं, तरी दोन हजार लिटर झालेच. आणि गावातल्या नळाचं सरकारी माप किती, तर जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर. हे दोन हजार आणि ५५ यांच्या मधलं पाणी कुठे जातं, प्रश्न तो आहे.

२०१६ चा एप्रिल. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं. धनेगावला जाऊन आम्ही धरणाच्या तळाला पडलेल्या भेगा बघून आलो होतो, त्यात हात जायचा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या जागांवर जमावबंदी लागली होती, चार लाखांच्या आसपासच्या शहरात पाण्यासाठी १४४ कलम. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. प्रत्येक बाईने आपल्या घागरीला रंगाची खूण केलेली, कुणाची हिरवी पट्टी, कुणाचा लाल ठिपका, आणि निळ्या प्लास्टिकच्या पिंपांना लोकांनी साखळी घालून कुलूप लावलेलं. पाण्याला कुलूप. माझ्या सासूबाई भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी संडासाला असं तीनदा वापरायच्या आणि तरी रात्री झोपताना पिंपात काठी घालून किती उरलंय ते बघायच्या.

त्याच वर्षी वर्गात विषय निघाला आणि मी नेहमीसारखं म्हणाले की लोकसंख्या वाढली की पाणी कमी पडतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, म्हणाली, "मॅडम, आम्ही घरात नऊ जण आहोत, शेजारी दोघंच आहेत, टँकरवर दोघांनाही घरटी दोनशे लिटरच मिळतं. मग आम्हाला जास्त मिळायला पाहिजे का कमी?"

सगळा वर्ग गप्प. मी विचार करून सांगते म्हणाले.

उत्तर सुचेना, कारण त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी ४ टक्क्यांच्या आसपास जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातलं साधारण दोन तृतीयांश पाणी तो एकटा पितो. उसाच्या लागवडीचे प्रकार असतात, 'सुरू' ऊस बारा महिने रानात उभा असतो, 'आडसाली' सोळा ते अठरा. म्हणजे दोन उन्हाळे पण येऊ शकतात त्याच्या वाट्याला. तेवढ्या पाण्यात तूर, हरभरा, ज्वारी किती पट क्षेत्रावर निघाली असती. आमच्या तहानेचं कारण त्या मुलीच्या घरातली नऊ माणसं नव्हती.

म्हणजे ऊस लावणारा शेतकरी दोषी का?

नाही, आणि हे मी प्रत्येक वेळी ठासून सांगते कारण शहरातल्या लोकांना हे उत्तर फार सोपं वाटतं. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कायद्याने ठरलेला भाव, आणि नेणारा कारखाना आहे. गारपिटीने तूर झोपते, ऊस उभा राहतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो पण बाजार समितीत नेल्यावर तो मिळेलच याची खात्री नाही. दोन एकरवाल्या माणसाने काय लावावं मग? ज्या पिकाला बाजाराची हमी दिली तेच पीक वाढलं. तुरीला तशीच खरेदीची हमी द्या, उसाला ठिबक सक्तीची करा, मग बघा.

शहरांना पण पाणी लागतंच की. मुंबईने काय तहानलेलं राहायचं?

मुंबईला पाणी मिळायलाच हवं. पण तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत, तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, भातसातून आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी येतं, आणि त्याच शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतो. बाया डोक्यावर हंडे घेऊन जातात आणि शहराचं पाणी त्यांच्या तालुक्यातून पुढे निघून जातं. आणि मुंबईत पोचल्यावर तरी? इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असं माप वर्षानुवर्षं धरलं गेलंय. गावाला ५५, झोपडीला ४५, फ्लॅटला १३५. सगळी माणसंच आहेत.

हवामान बदलाला तर आपली १४० कोटी माणसं जबाबदार आहेतच ना?

अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात २ टन, बुरुंडी आणि चाडमध्ये पाव टनसुद्धा नाही. बुरुंडीत एका बाईला सरासरी पाचच्या आसपास मुलं होतात. आफ्रिका खंडात जगातली १८ टक्के माणसं आणि जगाच्या उत्सर्जनात वाटा ४ टक्क्यांच्या आसपास. आता सांगा मुलांची संख्या आणि धूर यांचा संबंध कसा लावायचा. जगातल्या सगळ्यात श्रीमंत १० टक्के लोकांकडून निम्मं उत्सर्जन होतं.

मात्र "आपण माणशी दोनच टन" म्हणून आपणही सुटत नाही. हे दोन टन म्हणजे विमानाने फिरणारा आणि चुलीवर भाकरी थापणारी यांची सरासरी आहे. सरासरी हा शब्द मला या सगळ्या विषयात सगळ्यात फसवा वाटतो.

एका ठरावीक समाजाचीच लोकसंख्या वाढतेय, हे खरं का?

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो पण येतोच, तर सरळ उत्तर देते. १९९२-९३ ला मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ ला २.३६. हिंदू बाईला ३.३ होती, आता १.९४. दोन्ही आकडे उतरलेत आणि मुस्लिमांचा जास्त वेगाने उतरलाय. अजून एक बघा, बिहारमधल्या हिंदू बाईला केरळमधल्या मुस्लिम बाईपेक्षा सरासरी जास्त मुलं आहेत. फरक पडतो तो शाळेने, दवाखान्याने आणि हातातल्या पैशाने. अजिबात शाळा न शिकलेल्या बाईला देशात सरासरी २.८ मुलं, बारावीपर्यंत किंवा पुढे शिकलेल्या बाईला १.८. दहावीनंतर मुलगी कॉलेजला जावी म्हणून गावातून एसटी वेळेवर सुटणं हे मला कुठल्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं.

कडक कायदाच करून टाकला तर? चीनने केलाच की.

चीनने १९८० च्या आसपास एक मूल धोरण आणलं, २०१५ मध्ये मागे घेतलं, आणि २०२२ पासून त्यांची लोकसंख्या घटायला लागलीय तर आता ते तीन मुलांना परवानगी देऊन जोडप्यांच्या मागे लागलेत. केरळने जबरदस्ती न करता मुलींच्या शाळा आणि सरकारी दवाखाने यांच्या जोरावर तेच साधलं.

आपलाही अनुभव आहे की. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातले ६० लाखांहून जास्त पुरुष. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. त्या भीतीने पुरुष जो पळाला तो अजून परत आलेला नाही. आज देशात शस्त्रक्रिया करून घेतलेल्या विवाहित बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. सगळा भार बाईच्या पोटावर.

दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही हा नियम आपल्याकडे आहेच. पण ज्या समाजात मुलगाच हवा असतो तिथे "दोनच" म्हटलं की काय होतं? बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी ८९४ होत्या. हे सगळं एका नियमामुळे झालं असं मी म्हणत नाही, सोनोग्राफी होती, हुंडा होता, वंशाचा दिवा होता. पण आकडा कमी करा एवढाच हट्ट धरला की वजाबाकीला मुलीच येतात हे मी माझ्या पटावर बघितलंय. बीडला बदलीवर असताना एका वर्गात एकतीस मुलगे आणि सतरा मुली होत्या.

मग तुम्ही संततिनियमनाच्या विरोधात आहात का?

अजिबात नाही! र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, प्राध्यापकाची नोकरी गेली तरी सोडलं नाही, १९२७ पासून स्वतःच्या हिमतीवर 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवलं. त्यांच्यावर खटला झाला तेव्हा वकील म्हणून बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. या माणसांचं म्हणणं होतं की बाईच्या शरीराचं बाईने ठरवावं. साधनं हवीत, माहिती हवी, निर्णय तिचा हवा. गरिबांची संख्या कमी करायची म्हणून त्यांना पकडून टेबलावर झोपवणं हे याच्या बरोब्बर उलटं आहे.

लोकसंख्येचा काहीच परिणाम होत नाही असं म्हणायचंय का?

होतो. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ हेक्टर राहिली. चार भावांत वाटणी झाली की विहीर सामाईक आणि बांधावरून भांडण, हे घरोघरी आहे. सत्तर मुलांच्या वर्गात मी चाळीस मुलांसारखं शिकवू शकत नाही हेही खरं आहे. एवढंच म्हणायचंय की भागाकारात वरचा आकडा पण असतो आणि वाटणारा हात पण असतो, आपण नुसतं खालच्या आकड्याकडे बोट दाखवतो.

वाटणी बदलून कुठे काही झालंय का, का नुसत्या गप्पा?

झालंय, पुरंदर तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनिअरने नायगावला पाणी पंचायत सुरू केली. नियम काय होता बघा. पाणी जमिनीवर न देता माणसावर द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घरात कितीही माणसं असली तरी कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याच्याकडे पन्नास एकर आहे त्यालाही तेवढंच. ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तर पाणी तिच्यासोबत जात नाही. उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी, त्याचा शब्द सगळ्यांनी मानायचा.

हे वाचलं त्या दिवशी मला त्या मुलीचं उत्तर मिळालं. तिच्या घरात नऊ माणसं म्हणून ती गुन्हेगार नव्हती, नऊ माणसं म्हणून तिला नऊ वाटे मिळायला हवे होते. माणसं मोजायचीच तर वाटा देण्यासाठी मोजायची. ती तेव्हा दहावी होऊन गेली होती, तिचा पत्ता काढून मी तिला हे सांगून आले, तिला स्वतःचा प्रश्न आठवतही नव्हता.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहिती असलेलं हिवरे बाजार, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. पाऊस तिथे आमच्यापेक्षा कमी, तरी दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसं आणि जनावरं, उरलं तर पीक, बोअरच्या पाण्यावर शेती नाही, ऊस नाही. पाऊस कमी झाला तर उन्हाळी पीक घ्यायचं नाही हे गाव मिळून ठरवतं.

आम्ही सामान्य माणसांनी काय करायचं?

गावात असाल तर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मागा, विहिरीत किती, बोअर किती, कुणाच्या रानात किती. शहरात असाल तर तुमच्या वॉर्डात माणशी किती लिटर येतं आणि पलीकडच्या वस्तीत किती, हा एक आकडा लेखी मागा, माहितीच्या अधिकारात मिळतो. मुलीचं शिक्षण थांबवू नका. दोन मुलं झाली असतील आणि पुरे म्हणत असाल तर नवऱ्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी, ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, टाका नसतो आणि त्याच दिवशी घरी येता येतं. आणि टँकर तुमच्या गल्लीत येत असेल तर वाटणीच्या वहीत घरटी आकडा आहे की माणशी, ते एकदा उघडून बघा. आमच्या गल्लीत आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात ती वही बदलली, घरांच्या नावापुढे माणसांची संख्या लिहिली. दोन घरांनी आठवडाभर बोलणं टाकलं होतं, पण पाणी माणशी वाटलं गेलं.